आर्यमदिरामंडळ आणि व्यसनोपचाराची दोन माध्यमे

१

राम गणेश गडकरी ह्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने १९१९ च्या फेब्रुवारी महिन्यात बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आणले. त्याआधी अवघ्या चार आठवड्यांपूर्वी, २३ जानेवारी रोजी, नाटककाराचे सावनेर येथे निधन झाले होते. नाटकातील पदेही त्यांच्या हातून होऊ शकली नाहीत. ती विठ्ठल सीताराम गुर्जर ह्यांनी रचली. तेव्हापासून आजवर ह्या नाटकाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. सिंधूचे पातिव्रत्य, तळीरामाचा विनोद, गडकऱ्यांची अलंकारप्रचुर भाषा, ह्या सर्वांची चिकित्सा झाली आहे. ह्या चिकित्सेत एक आक्षेप वारंवार डोके वर काढतो. सुधाकरासारखा बुद्धिमान आणि मानी वकील एका अपमानाने दारूच्या आहारी जातो. पुढे ती निश्चयाने सोडतो. आणि दुसऱ्या अपमानाने पुन्हा त्याच गर्तेत पडतो. हा सारा क्रम अपरिहार्य वाटत नाही, नाटककाराने तो शोकान्तासाठी ओढून आणला आहे, असे आक्षेपकांचे म्हणणे.

प्रस्तुत लेखात ह्या आक्षेपाचा विचार जरा निराळ्या बाजूने करावयाचा आहे. मद्यपाशावरील उपचारांत आज प्रत्यक्ष भेटीतील उपचार आणि दूरध्वनी वा मोबाइलच्या पडद्यावरून होणारे ऑनलाइन समुपदेशन ह्यांची सांगड कशी घालावी हा प्रश्न पुढे आला आहे. हा प्रश्न बहुधा ‘दोहोंपैकी श्रेष्ठ कोणते?’ अशा रूपात मांडला जातो. आमच्या मते प्रश्नाची ही मांडणीच सदोष आहे, आणि तिच्यातील दोष कोठे आहे हे शंभर वर्षांपूर्वीच्या ह्या नाटकावरून चांगले ध्यानात येते. उलटपक्षी, उपचारांचा आजवरचा अनुभव जमेस धरला म्हणजे सुधाकराच्या पतनावरील वरील आक्षेपही पुष्कळसा गळून पडतो. साहित्यकृतीला वैद्यकाच्या तागडीत घालणे योग्य नव्हे, ही शंका येथे कोणी काढील. परंतु ज्या नाटकाचा विषयच व्यसन आहे, त्यातील व्यसनाचे चित्र खरे आहे की नाही हे पाहणे हा समीक्षेचा अधिकार आहे असे आम्ही मानतो.

२

सुधाकराला दारूपासून परावृत्त करण्याचे जे प्रयत्न नाटकात होतात ते कोणते, हे प्रथम पाहू. रामलाल हा त्याचा जिवलग मित्र. तो उपदेश करतो, कळवळतो, युक्तिवाद करतो. परंतु आरंभीच तो विलायतेस निघालेला आहे, आणि सुधाकराच्या आयुष्यातील निर्णायक घसरण त्याच्या पाठीमागे घडते. पद्माकर हा मेहुणा. त्याच्या साहाय्यात संतापाचा अंश आहे. सिंधू सोसते, दळण दळते, माहेरची मदत नाकारते आणि पतीला दोष देत नाही. शेवटी सुधाकर स्वतःच सोडण्याचा निश्चय करतो, आणि तो निश्चय खोटा नाही. उपदेश, साहाय्य, प्रेम आणि निश्चय ही चारही साधने नाटकात आहेत, आणि चारही थोर आहेत. परंतु ती व्यक्तींच्या ठिकाणी आहेत. आणि व्यक्ती दूर जाते, रागावते, थकते किंवा मरते.

ह्याच्या उलट दारूच्या बाजूला काय आहे? तेथे आर्यमदिरामंडळ आहे. तळीरामाच्या ह्या मंडळाकडे टीकाकारांनी बहुधा विनोदाचे प्रकरण म्हणूनच पाहिले आहे. समाजसुधारकांच्या सभांचे विडंबन म्हणून त्याचे कौतुकही झाले आहे. पण त्याची घटना पाहावी. तेथे शास्त्री आणि खुदाबक्ष एकाच बैठकीस बसतात. तेथे आलेल्याला त्याची पत, जात वा पूर्वायुष्य कोणी विचारीत नाही. ते जवळ आहे, नित्य आहे, आणि पडलेल्या माणसाचा तेथे अपमान होत नाही. साऱ्या नाटकात जिला ‘संस्था’ म्हणता येईल अशी हीच एक वस्तू आहे. गडकऱ्यांनी व्यसनाला संस्था दिली आणि संयमाला केवळ सज्जन दिले. नाटकाच्या शोकान्ताचे मूळ आमच्या मते ह्या विषम वाटणीत आहे.

भगीरथाचे उपकथानक ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. प्रेमभंगाने पिऊ लागलेला हा तरुण वाचतो, आणि वाचतो तो रामलालने त्याच्यापुढे लोकसेवेचे कार्य ठेवल्यामुळे. त्याला दारूच्या जागी दुसरे काहीतरी, दुसरी माणसे आणि दुसरा दिवसक्रम मिळतो. सुधाकर मात्र दारू सोडून रिकाम्या हाताने बाहेर पडतो. जुन्या ओळखीच्या लोकांकडे काम मागत फिरतो, अपमान घेऊन परततो, आणि त्या दिवशी त्याला उघडे असे एकच दार सापडते. ते आर्यमदिरामंडळाचे.

३

सुधाकराच्या ह्या प्रसंगाशी विलक्षण साम्य असलेला एक प्रसंग इतिहासात घडला आहे. नाटकानंतर सोळा वर्षांनी, १९३५ च्या मे महिन्यात, अमेरिकेतील ओहायो राज्यातील ॲक्रन ह्या गावी बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा गृहस्थ व्यवसायाच्या कामासाठी आला होता. पूर्वी तो दारूने पुरता बरबाद झालेला. आता दारू सोडून त्याला सुमारे पाच महिने झाले होते. काम फिसकटले. मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा उभा होता; एका बाजूस मद्यगृहातील गजबज ऐकू येत होती, दुसऱ्या बाजूस दूरध्वनी आणि गावातील चर्चांची यादी होती. त्याने दूरध्वनी उचलला. एका धर्मोपदेशकाकडून काही नावे मिळाली, त्यांतून हेन्रिएटा सायबरलिंग ह्या बाईंशी बोलणे झाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या निवासस्थानी डॉ. बॉब स्मिथ ह्या दुसऱ्या मद्यपाशग्रस्ताशी त्याची प्रत्यक्ष भेट झाली. त्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ जन्मास आली. १० जून १९३५ हा तिचा स्थापनादिन मानला जातो. भारतात तिचे कार्य १९५७ पासून आहे.

सुधाकर आणि विल्सन ह्यांच्या मनोधैर्यात फार अंतर होते असे मानण्यास आधार नाही. दोघेही नुकते सावरलेले, दोघेही परक्या दारातून विन्मुख झालेले, आणि दोघांच्याही हाताशी दारू होती. अंतर होते ते एवढेच की एकाजवळ त्या घटकेला पलीकडून उत्तर मिळेल असे साधन होते आणि दुसऱ्याजवळ नव्हते. शिवाय घटनांचा क्रमही ध्यानात घेण्याजोगा आहे. दूरध्वनीने विल्सन बरा झाला नाही. दूरध्वनीने ती संध्याकाळ निभावली आणि तो दुसऱ्या दिवशीच्या भेटीपर्यंत पोहोचला. भेटीने जे केले ते दूरध्वनी करू शकला नसता. परंतु दूरध्वनी नसता तर ती भेटही झाली नसती. दूरस्थ आणि प्रत्यक्ष ह्या दोन माध्यमांचा खरा संबंध ह्या एका उदाहरणात पूर्णपणे आला आहे. त्यांच्यात स्पर्धा नाही. एक माध्यम एका भेटीपासून दुसऱ्या भेटीपर्यंतचा काळ सांभाळते.

ही चळवळ म्हणजे घटनेच्या दृष्टीने उलटे केलेले आर्यमदिरामंडळच होय. तेथेही पत विचारीत नाहीत, तेथेही पडलेल्याचा अपमान नाही, तेथेही बैठक नित्य भरते. तळीरामाला जे ठाऊक होते ते रामलालला ठाऊक नव्हते, असे म्हणावे लागते.

४

प्रत्यक्ष उपचारावाचून जे होऊ शकत नाही त्याचा विचार आता करू. नाटकात सुधाकर दारू सोडतो तो केवळ मनाने. शरीराचा प्रश्न तेथे जवळजवळ उद्भवतच नाही. वस्तुतः रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर सहा ते चोवीस तासांत हातांना कंप, घाम, मळमळ, निद्रानाश ही लक्षणे दिसू लागतात. पहिल्या दोन दिवसांत झटके येण्याचा संभव असतो. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना डेलिरियम ट्रेमेन्स ही अवस्था प्राप्त होते. तीत माणसाला दिशांचे भान राहत नाही, नसलेल्या वस्तू दिसतात, आणि उपचार न झाल्यास प्राणावर बेतते. ब१ जीवनसत्त्वाच्या अभावी मेंदूस इजा होण्याची भीती असते ती निराळीच. ह्या अवस्थेत नाडी पाहणारा हात लागतो, औषधाची मात्रा ठरविणारा डॉक्टर लागतो. तोंडाला वास येतो की नाही, चाल अडखळते की नाही, हे पडद्यावरून कळत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि मद्याची दुकाने एका दिवसात बंद झाली, तेव्हा ह्या सत्याचा देशाला कटू अनुभव आला. केरळात दारू न मिळाल्यामुळे आत्महत्या झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मद्य देण्याचे तेथील सरकारने ठरविले, आणि उच्च न्यायालयाने २ एप्रिल रोजी त्या निर्णयास स्थगिती दिली. दारू काढून घेतली की व्यसन गेले, अशी समजूत बाळगणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये.

महाराष्ट्रात प्रत्यक्ष उपचाराचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक डॉ. अनिल अवचट ह्यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यास ते सुरू केले, त्यामागे पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई ह्यांचे साहाय्य होते. तेथील निवासी उपचार ३५ दिवसांचा आहे. परंतु मुक्तांगणाचे वैशिष्ट्य ह्या ३५ दिवसांतच संपत नाही. घरी परतल्यानंतरचा पाठपुरावा, आणि रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा निराळा गट, ह्या दोन गोष्टी प्रथमपासून त्या विचारसरणीच्या अंगभूत आहेत. छत्तिसाव्या दिवशी माणूस ज्या गल्लीत परततो तेथे आर्यमदिरामंडळ उघडेच असते, ही जाणीव त्यांमागे आहे. गडकऱ्यांच्या नाटकाचा चौथा अंक म्हणजे हा छत्तिसावा दिवसच होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

५

हा छत्तिसावा दिवस प्रत्यक्षात कसा असतो हे पाहण्यासाठी एक वस्ती डोळ्यांपुढे आणू. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीतून उभे राहिलेले गाव. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथील बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली. छावणीचे पाच भाग पुढेही ‘कॅम्प’ ह्याच नावाने राहिले. कॅम्प ४ हा रेल्वेमार्गाच्या पूर्वेस, विठ्ठलवाडी स्थानकाजवळचा भाग. तेथे सिंधी आणि मराठी कुटुंबे शेजारी शेजारी नांदतात. जीन्सच्या कपड्यांच्या धंद्याने शहरात पुष्कळांना हाताला काम दिले आहे. बाकीचे अनेक जण पहाटेच्या लोकलने मुंबईची वाट धरतात.

अशा वस्तीतील एखाद्या नगावर मजुरी घेणाऱ्या शिलाई कामगाराचा विचार करावा. पुण्यास वा अन्यत्र ३५ दिवस राहावयाचे म्हणजे पाच आठवड्यांची मजुरी बुडवावयाची. परत आल्यावर दर आठवड्यास दूरच्या केंद्रात हजेरी लावावयाची म्हणजे आणखी खाडे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात ५.७ कोटी लोकांना मद्यामुळे उद्भवलेल्या त्रासासाठी मदतीची गरज होती. परंतु मद्यपाशात सापडलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला काही ना काही उपचार मिळाला होता, आणि दाखल होऊन उपचार मिळालेले प्रमाण १८० त एक इतकेच होते. ही दरी केवळ खाटा वाढवून भरून निघेल असे कोणी म्हणणार नाही. येथे दूरस्थ माध्यमाचा पक्ष बळकट आहे. २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर उपलब्ध झाली. स्टॉकहोम येथे ३०१ व्यक्तींवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, सहा महिन्यांनंतर पाहता, इंटरनेटवरून दिलेली वर्तनचिकित्सा समोरासमोर दिलेल्या चिकित्सेहून कमी ठरली नाही.

हा निष्कर्ष मोलाचा आहे. परंतु तो जसाच्या तसा उचलून कॅम्प ४ मध्ये लावता येणार नाही. एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात, पलीकडचा शेजारी भिंतीआडून खोकला ओळखतो, अशा ठिकाणी मोबाइलवरून ‘काल मी प्यालो’ असे कोण बोलेल? शहरी मध्यमवर्गाला जी सहज लाभते ती बंद दाराची खोली दूरस्थ समुपदेशनाने गृहीत धरलेली आहे. म्हणून अशा वस्तीत ऑनलाइन उपचारासाठीही एक प्रत्यक्ष जागा हवी: नगरपालिकेच्या दवाखान्यातील एखादी खोली, वाचनालयाचा मागचा भाग, समाजमंदिर. जागा मिळाली तर तेथे बसणारे माणूसही मिळू शकते. गोव्यातील ‘संगत’ ह्या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर केलेल्या प्रयोगात डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी थोड्याच भेटींत उपयुक्त कार्य केले. तीन महिन्यांनंतर घातक मद्यपान थांबलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्या गटात ३६ टक्के, तर नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात २६ टक्के होते. हा प्रयोग घातक प्रमाणात पिणाऱ्यांवर होता, पूर्ण मद्यपाशात सापडलेल्यांवर नव्हे, ही मर्यादा सांगितली पाहिजे. तरी जवळचे माणूस पुरेसे शिकविले असता ते दूरच्या तज्ज्ञाला पूरक ठरते, एवढे त्यावरून निश्चित होते.

६

दूरस्थ उपचाराची सर्वांत गंभीर मर्यादा मात्र जागेची नाही, साक्षीची आहे. आणि ती गडकऱ्यांनी दाखवून ठेवली आहे. नाटकाच्या शेवटी सुधाकराच्या हातून मूल दगावते, सिंधू मरणोन्मुख होते, आणि फौजदार चौकशीस येतो. मरता मरता सिंधू खोटे सांगते. आपल्याच पडण्याने हे घडले असे म्हणून पतीला वाचविते. ह्या प्रसंगावर पातिव्रत्याच्या अंगाने पुष्कळ स्तुती आणि पुष्कळ टीका झाली आहे. आम्ही येथे एवढेच विचारतो की फौजदाराने तिला प्रश्न कोठे विचारला? तिच्या घरात, पतीच्या देखत. अशा ठिकाणी विचारलेल्या प्रश्नाला सिंधू दुसरे उत्तर देणे शक्यच नव्हते.

आजचा समुपदेशक पडद्यावरून ‘घरी सर्व ठीक आहे ना?’ असे विचारतो, तेव्हा तो नेमका त्या फौजदाराच्या जागी असतो. मोबाइलच्या चौकटीबाहेर कोण उभे आहे हे त्याला दिसत नाही. कॅम्प ४ मधील एका खोलीतून त्याला जे उत्तर मिळेल ते सिंधूचेच असेल. पत्नीला घराबाहेर, निराळी, तिच्यासारख्याच स्त्रियांच्या सोबतीत भेटणे, म्हणजेच सहचरी गटासारखी प्रत्यक्ष बैठक, ह्याला दुसरा पर्याय आम्हांस दिसत नाही. तेथे एकदा विश्वास निर्माण झाला की पुढे तीच स्त्री रात्री दोन शब्दांचा निरोप पाठवून मदत मागू शकेल. येथेही क्रम तोच: आधी भेट, मग दूरध्वनी, मग पुन्हा भेट.

ह्यावरून दोन माध्यमांची वाटणी स्पष्ट होते. शरीराचा धोका, पत्नीची साक्ष आणि पहिला विश्वास ही कामे प्रत्यक्ष भेटीची. पगाराचा दिवस, नातलगांकडील लग्न, कामावरून विन्मुख परतण्याची संध्याकाळ, आणि शेवटच्या लोकलने विठ्ठलवाडीस उतरल्यानंतर घरापर्यंतची वाट, ही कामे दूरस्थ माध्यमाची. कारण त्या वेळी कोणतेही केंद्र उघडे नसते. ऑनलाइन उपचार स्वस्त पडतो म्हणून भेटी बंद करणारी योजना आणि भेटच खरी म्हणून रात्रीचा दूरध्वनी न उचलणारी योजना, दोन्ही सारख्याच अपुऱ्या आहेत.

७

आता मूळ आक्षेपाकडे वळून लेख संपवू. सुधाकराचे पुनःपतन ओढून आणलेले आहे काय? उपचाराचा अनुभव सांगतो की सोडल्यानंतरचे पहिले महिनेच सर्वांत धोक्याचे असतात, आणि अपमान, एकाकीपणा, बेकारी हीच नेहमीची निमित्ते असतात. ह्या बाबतीत गडकऱ्यांची दृष्टी अचूक होती. व्यसनाच्या अवस्थांचे जे विवरण त्यांनी सुधाकराच्या तोंडी घातले आहे तेही निरीक्षणावाचून लिहिता येण्यासारखे नाही.

गडकऱ्यांशी मतभेद आहे तो दुसऱ्या ठिकाणी. त्यांच्या नाटकात पुनःपतन अंतिम आहे. पहिला प्याला जसा परत घेता येत नाही, तसा दुसऱ्यांदा घेतलेलाही नाही. तेथून विषाच्या प्याल्यापर्यंतची वाट सरळ उताराची आहे. शोकान्त नाटकाला ही अटळता लागते, म्हणून कलेच्या दृष्टीने ती दोष नव्हे. परंतु ह्या नाटकाने शंभर वर्षे मराठी मनावर जो संस्कार केला त्यात ‘एकदा परत प्याला, आता संपला’ ही निराशाही आहे, आणि घराघरांत ती आजही बोलली जाते. उपचाराचे शास्त्र पुनःपतनाकडे शेवट म्हणून पाहत नाही. ते कोठे, केव्हा आणि कोणाच्या अभावी घडले हे विचारते, आणि पुढच्या वेळी त्या जागी कोणीतरी असेल अशी तजवीज करते.

सुधाकर काम मागून परतला त्या संध्याकाळी रामलालचा शब्द त्याच्या कानी पडता तर तो वाचलाच असता, असे आम्ही म्हणत नाही. कदाचित ती एक रात्र गेली असती, आणि दुसऱ्या दिवशी कोणाची तरी भेट झाली असती. मद्यपाशावरील उपचार बहुतांशी ह्या एकेका रात्रीचाच असतो. प्रत्यक्ष आणि दूरस्थ माध्यमांच्या कोणत्याही जोडणीची परीक्षा मग एकाच प्रश्नाने करावी: कॅम्प ४ मधील त्या कामगाराला ती आर्यमदिरामंडळाइतकी जवळ, तितकी नित्य आणि तितकीच अपमानरहित वाटते काय? जोवर ह्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी नाही, तोवर तळीरामाचे मंडळ आपल्या सर्व योजनांहून अधिक चांगले चाललेले आहे, हे मान्य करणे भाग आहे.